स्क्वॉश: ठरलेला सराव, दोन पर्यायांचा की अटींचा गेम?

प्रशिक्षकाबरोबर आठवड्यातून तासभरच मिळत असेल, तर तो कशावर घालवायचा हे नीट ठरवायला हवं. फटके येतात, पण मॅचमध्ये नको तिथे नको तो फटका जातो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ठरलेल्या क्रमाचा सराव सगळ्यांनी केलेला असतो. एकाने मागून बोस्ट (आधी बाजूच्या भिंतीवर आपटून मग समोरच्या भिंतीला लागणारा फटका) मारायचा, दुसऱ्याने पुढून सरळ ड्राइव्ह (समोरच्या भिंतीवरून कोर्टात खोल मागे जाणारा फटका), पुन्हा बोस्ट, पुन्हा ड्राइव्ह. पाय हलतात, फटका हातात बसतो, चेंडू तापलेला राहतो. पण पुढचा चेंडू कुठे येणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असतं, त्यामुळे समोरचा कुठे उभा आहे हे बघायची वेळच येत नाही. मी दोन वर्षं याच सरावावर काढली. बोस्ट सुरेख झाला आणि अडचणीत सापडलो की हात आपोआप बोस्टच मारू लागला, प्रतिस्पर्धी टी-वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यावर जिथे रेषा मिळतात तिथे, ठाण मांडून असला तरी. तो दोन पावलं पुढे जाऊन शांतपणे ड्रॉप (समोरच्या भिंतीजवळच पडणारा हळुवार फटका) ठेवायचा आणि मी मागच्या कोपऱ्यातून धावत सुटायचो.

दोन पर्यायांच्या सरावात प्रशिक्षक चेंडू देतो आणि तुम्ही तो मारायच्या आत आपली जागा बदलतो. तो टी-वर आला तर ड्राइव्ह मागे, तुमच्या पाठीमागे राहिला तर ड्रॉप. नियम एवढाच, पण सुरुवातीला डोकं गरगरतं. एकदा माझा ड्रॉप टिनच्या (समोरच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला चेंडू लागला तर बाद) जेमतेम वर लागून कोपऱ्यात छान बसला. प्रशिक्षकांनी तिथेच खेळ थांबवून विचारलं, ‘मागे न वळता सांग, मी कुठे उभा आहे?’ मला सांगता आलं नाही. ड्रॉप मी न बघताच मारला होता. त्या एका प्रश्नाने माझा खेळ जितका बदलला, तितका शेकडो बोस्टनी बदलला नव्हता.

अटींच्या गेममध्ये ११ गुणांचा खरा गेम असतो, फक्त एखादी अट घालून. नेहमीची अट म्हणजे एकाचे सगळे चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या (जिथून सर्व्हिस करतात तो आखलेला चौकोन) मागे पडले पाहिजेत, दुसऱ्याला पूर्ण कोर्ट मोकळं. फटक्यांची लांबी सुधारते यात शंका नाही, पण पुढे काही येणार नाही हे कळलेला प्रतिस्पर्धी मागेच रेंगाळतो आणि खेळ खोटा होतो. त्यापेक्षा मला दुसरी अट फार आवडते: समोरच्याचा चेंडू आखूड पडला तरच ड्रॉपची मुभा, बॉक्सच्या मागे टप्पा पडला तर ड्राइव्ह किंवा लॉब (उंचावरून मागे टाकलेला फटका). कोर्ट ९.७५ मीटर लांब, आणि बॉक्सची मागची कड समोरच्या भिंतीपासून साधारण सात मीटरवर. तिच्याही मागून ड्रॉप मारायचा म्हणजे तेवढं अंतर कापून ४८ सेंटीमीटरच्या टिनवरून चेंडू काढायचा, आणि तोवर टी-वरचा माणूस निवांत पुढे पोचलेला असतो. ही अट पाळून खेळलं की आखूड चेंडू ओळखायची सवय डोळ्यांना लागते. ‘विजयी ड्रॉपला दोन गुण’ अशी अट मात्र नको. लोक गुणांच्या मोहाने भलत्या वेळी ड्रॉप मारतात.

नुसती मॅच खेळून प्रशिक्षकाला दाखवायची, हा पर्याय महिन्यातून एकदा पुरे. चूक कुठे होते ते त्यातून कळतं, सुधारत काही नाही.

मग निवड कशी करायची? दहा ड्राइव्हपैकी निम्मेही बॉक्सच्या मागे जात नसतील, तर आधी ठरलेलाच सराव घ्या. मारता येणारा फटकाच नसेल तर निवडणार काय? जात असतील, तर तासातली पंधरा मिनिटं त्याला द्या, वीस मिनिटं दोन पर्यायांना आणि उरलेला वेळ अटींच्या गेमला. रॅली तीन-चार फटक्यांतच संपत असेल तर दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू बाजूला ठेवून एका पिवळ्या ठिपक्याचा घ्या. तो जास्त उसळतो, त्यामुळे मारण्याआधी एकदा बघायला वेळ मिळतो.