पॅटर्न लाकडी की ॲल्युमिनियमचा?

कोल्हापुरात शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नवीन जॉब आला की हा प्रश्न हमखास निघतो. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा तो नमुना. दहा-वीस नगच काढायचे असतील आणि ड्रॉइंग अजून बदलायची शक्यता असेल, तर सरळ सागवानी पॅटर्न करा. कुठे चार मिमी वाढवायचे झाले तर पट्टी चिकटवून तासली की झालं. ॲल्युमिनियमवर तेच करायचं म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा मशिनिंग.

पण लाकूड ओल पितं. वाळू ओलसर, त्यात आपला पावसाळा. रंग उडाला की तिथून फुगतं आणि पॅटर्न उचलताना साच्याची कड ढासळते. मग मोल्डर ठोकून ठोकून सैल करतो, कास्टिंग जाड येतं आणि शिव्या मात्र सुतार खातो! शेकडो नग मशीन मोल्डिंगवर काढायचे असतील तर मॅचप्लेटवर (दोन्ही बाजूंना पॅटर्नचे अर्धे भाग असलेल्या प्लेटवर) बसवलेला ॲल्युमिनियमचाच हवा, महाग पडला तरी.

खरी गफलत आकुंचनात होते. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आटतं, म्हणून ३०० मिमीच्या मापाला पॅटर्न ३०३ मिमी (मशिनिंगची जादा जाडी वेगळी). ॲल्युमिनियमचा पॅटर्न लाकडी मास्टरवरून (मूळ पॅटर्नवरून) ओतून घेणार असाल, तर ॲल्युमिनियमचे सुमारे १.३ टक्के आणखी धरायचे. मास्टर जवळपास ३०७ वर जातो. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ठोकळ्यातून कोरला तर ही दुसऱ्या आकुंचनाची भानगड उरत नाही.

शेल कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा, राळ लावलेल्या वाळूचा गाभा) असेल तर कोअर बॉक्स, म्हणजे त्या गाभ्याचा साचा, तापवावा लागतो. तिथे लाकडाचा विषयच नाही.