जिप्सीच्या इंजिन कामाचे 58 हजार घेतले, आणि इंजिन उघडलंच नव्हतं

जुनी जिप्सी, बोलेरो, थार ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे जरूर वाचा. गाडी ऑइल खाते म्हटलं की "रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागणार" हे पहिलं कानावर येतं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या झिजल्या की ऑइल वर येऊन जळतं; त्यामुळे ते खरंही असू शकतं. पण काहीही न तपासता तसं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

माझी जिप्सी किंग, 1.3 लिटरचं 16 व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. शेत गगनबावड्याकडे, पावसाळ्यात तिथल्या चिखलात दुसरी गाडी चालत नाही, त्यामुळे ती विकायचा विषयच नाही. मागच्या वर्षी ती हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल संपवायला लागली. गाडीखाली थेंब नाही, चेंबर कोरडं, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. म्हणजे ऑइल जळत होतं. ओळखीतल्या एकाने सांगितलेल्या गॅरेजला गाडी नेली. मालकाने ऑइलचं झाकण काढून बघितलं, सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं आणि निकाल दिला, "दादा, रिंगा संपल्या. बोअर करून पिस्टन बदलायला लागतंय." म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासणार का, असं विचारलं. "त्याची काय गरज न्हाई, आवाजावरनं कळतंय की."

बिल झालं 58 हजार. त्यात 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, रिंग सेट, बोअरिंग, बेअरिंग, हेड पॅकिंग, सगळं लिहिलेलं. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारात गेले, आणि ट्रेमधला एक काळाकुट्ट पिस्टन दाखवला. "ह्यो बघा तुमचा." त्याचा मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. इंजिन धुऊन चकाचक केलं होतं, धूर दिसत नव्हता.

पाऊस सुरू झाला तोवर पट्टीवरचं ऑइल पुन्हा खाली यायला लागलं. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं: नवीन रिंगा बसायला वेळ लागतो. हे अर्धं खरं आहे, म्हणून तर गिऱ्हाईक गप्प बसतं. नवीन रिंगा सुरुवातीला थोडं ऑइल खातात, पण तो खप दिवसेंदिवस कमी होत जातो. माझ्या गाडीचा वाढत होता.

शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, धूर नेमका कधी येतो? पन्हाळा चढताना काही नाही. करूळ घाट गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलरेटर दाबला की आरशात निळा लोट. सकाळी पहिल्या स्टार्टलाही तेच. ते म्हणाले, "मग रिंगा नव्हे, व्हॉल्व्ह सील बघायला पाहिजेत." उतारावर थ्रॉटल बंद असतो, इंजिन आत जोरात ओढ घेतं आणि व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचे रबरी सील कडक झाले असतील तर हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरतं. रिंगा गेलेली गाडी बहुधा चढाला, लोडवर धूर सोडते.

पण नुसत्या धुरावर ते थांबले नाहीत. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. चारही सिलिंडर 180 पीएसआयच्या आसपास. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघितलं. रिंगा झिजल्या असतील तर काटा चांगलाच वर चढतो, इथं जेमतेम हलला. तरी कॉम्प्रेशन चांगलं म्हणून ऑइल रिंगही (सिलिंडरवरचं ऑइल खरवडणारी कडी) चांगली असं होत नाही, हे त्यांनीच सांगितलं, आणि माझ्या परवानगीने हेड उतरवलं.

सिलिंडरचा व्यास मोजणारा बोअर गेज आत गेला आणि सगळं बाहेर आलं. 74 मिलिमीटर, कंपनीचाच साइज. बिलाप्रमाणे बोअर झालं असतं तर 74.50 यायला हवं होतं. सील काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. रबर असं राहिलंच नव्हतं, नखाने दाबलं तर टचकन तुकडा पडला. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदरचा व्हॉल्व्ह काळ्या गाळाने गच्च. मधल्या काळात धूर थांबला होता तो जाड ऑइल आणि त्यात ओतलेल्या औषधाने. पिस्टनचा फोटो दाखवला तर ते क्षणभर बघत राहिले. "हा डिझेलचा पिस्टन आहे. माथ्यावर एवढा खोल खड्डा जिप्सीला नसतो." म्हणजे माझा म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा पिस्टन माझ्यापुढे धरला होता. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला जास्त संताप येतो.

सील, ब्रीदर, हेड पॅकिंग आणि मजुरी मिळून खर्च पहिल्या बिलाच्या पाव भागाच्याही आत आला. आता दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल टाकावं लागत नाही.

कोल्हापुरात बोअरिंगवाल्यांची वाण नाही. त्यामुळे कुणी बोअर सांगितलं तर कुठल्या वर्कशॉपला ब्लॉक जाणार हे विचारा, तिथं स्वतः जा, आधीचं आणि नंतरचं माप चिठ्ठीवर घ्या. काम सुरू व्हायच्या आधी कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. जुने पार्ट न्यायचे आहेत हे गाडी लावतानाच सांगा, बिल होताना नव्हे.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि 1915 या हेल्पलाइनवर आधी सल्ला मिळतो. सोबत बिल, पिस्टनचा फोटो आणि मिस्त्रींनी सही करून दिलेलं बोअरचं माप जोडलंय. तुमचंही असं काही झालं असेल तर दुसरीकडे गाडी उघडताना हे माप लेखी घेतल्याशिवाय हेड परत बसवू देऊ नका.