लायसन्स सामाईक घ्यायचं की विभागानं आपापलं?

खानापूरकडच्या एका कॉलेजातले सर परवा टिळकवाडीत चहाला भेटले. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही विभागांना मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर हवंय. म्हणाले, "एकत्र घेऊ, की ज्याचं त्याला?"

आधी पैशाचं बघू. सामाईक लायसन्समध्ये ठराविक जागा सर्व्हरवर असतात आणि एका वेळी तेवढेच जण सॉफ्टवेअर वापरू शकतात. त्याची एक जागा एका मशीनला बांधलेल्या लायसन्सपेक्षा सहसा महाग पडते. पण ६० संगणकांवर एका वेळी २० मुलंच काम करणार असतील, तर २० जागांत भागतं.

खरी भांडणं वेळापत्रकावरून होतात. दोन्ही विभागांची प्रॅक्टिकल्स सोमवारी अकरालाच लावली, की एकविसाव्या मुलाच्या स्क्रीनवर नकार येतो, आणि मग एचओडींचे फोन सुरू! यावर फ्लेक्सनेटसारख्या लायसन्स मॅनेजरच्या (सर्व्हरवर जागा वाटणारा प्रोग्रॅम) ऑप्शन्स फाइलमध्ये, म्हणजे नियमांच्या फाइलमध्ये, 'रिझर्व्ह' टाकून विभागासाठी जागा राखता येतात. मात्र राखलेली जागा रिकामी असली तरी दुसऱ्याला मिळत नाही. त्यापेक्षा 'मॅक्स' लावून प्रत्येक विभागाला कमाल मर्यादा घालावी. आणि दर आठवड्याला 'एलएमस्टॅट' ही कमांड चालवून जागा कोण अडवून बसलंय ते बघावं. बहुतेकदा जेवायला गेलेलं कुणीतरी सापडतं.

मशीनला बांधलेल्या लायसन्सला सर्व्हर लागत नाही. पावसाळ्यात नेटवर्क गेलं तरी लॅब चालू. लायसन्स नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेलं असेल आणि कार्ड बदललं, तर मात्र ते नव्यानं काढायचं.

एकाच आवारातले विभाग, वेगवेगळ्या वेळी वापर आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल, तर सामाईकच घ्या. लांबची शाखा किंवा दिवसभर त्यावरच बसणारे दोन-तीन संशोधक असतील, तर त्यांना त्यांचं वेगळं द्या.