३ टेस्ला की ७ टेस्ला? कॉर्टेक्समधलं मायलिन मोजायला निघालेल्यांसाठी

इटलीतल्या पार्मा इथे वैद्यकी शिकणाऱ्या फ्रांचेस्को जेन्नारीला १७७६ मध्ये, गोठवलेला मेंदू कापताना, मागच्या भागातल्या करड्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, एक पांढरी रेघ दिसली. नुसत्या डोळ्यांनी. ती रेघ म्हणजे मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असलेल्या मज्जातंतूंचा आडवा पट्टा. जाडी साधारण ०.३ मिमी, आणि तिथली सालच मुळी २ मिमीच्या आसपास. मायलिन मोजायला कुठलं एमआरआय मशीन घ्यावं, ३ टेस्लाचं की ७ चं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक), असं कुणी विचारलं, की मी आधी एवढंच विचारतो: तुम्हाला ही रेघ बघायची आहे, की रेघ असलेला प्रदेश कुठे संपतो ते?

प्रदेशाच्या सीमा हव्या असतील तर ३ टेस्ला पुरतं. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने १,१०० हून अधिक लोकांची ०.७ मिमी बारकाव्याची टी१ आणि टी२ चित्रं (एमआरआयची दोन नेहमीची चित्रं, त्याच ऊती वेगळ्या उजेडात दाखवणारी) ३ टेस्लावरच घेतली. मायलिन टी१ चित्रात उजळ दिसतं, टी२ मध्ये काळपट; पहिल्याला दुसऱ्याने भागलं की फरक ठळक होतो. शिवाय डोक्याभोवतीची, सिग्नल टिपणारी कॉइल जिथे जवळ तिथे जास्त उजेड, हा दोष दोन्ही चित्रांत सारखाच असल्याने भागाकारात उडून जातो. मेंदू-संशोधक ग्लासर आणि व्हॅन एसन यांची ही २०११ ची युक्ती. पुढे २०१६ मध्ये कॉर्टेक्सचे प्रत्येक अर्धगोलात १८० भाग पाडले गेले, त्यातही हा रेशो एक मुख्य आधार होता. दोन नेहमीची स्कॅन्स आणि एक भागाकार, इतकं स्वस्त दुसरं काही नाही.

पण भागाकारात उडतो तो ग्रहण करणाऱ्या कॉइलचा दोष. मशीन रेडिओ लहरी सोडतं तेव्हा त्या डोक्यात सगळीकडे सारख्या पोचत नाहीत, तो दोष दोन्ही चित्रांत वेगवेगळा उमटतो आणि नकाशात मागे राहतो. तो किती, हे डोक्याच्या आकारावर आणि अंगलटीवरही ठरतं. इथे घोडं पेंड खातं. समजा तुम्ही स्थूल आणि सडपातळ अशा दोन गटांची तुलना करताय. ‘मायलिनचा फरक’ सापडेल, पेपरही लिहून होईल, आणि सापडलेला असेल फक्त लहरींचा फरक. प्रेषण-क्षेत्राचा नकाशा, ज्याला लॅबमध्ये सगळे बी१ मॅप म्हणतात, घ्यायला फार वेळ लागत नाही. तो न घेता रेशो वापरायचा असेल तर निदान गटांची तुलना तरी करू नका.

रेशोला एककही नाही. मशीन बदललं की आकडे बदलतात. त्याच माणसांना दोन वर्षांनी पुन्हा बोलवायचं असेल किंवा दोन शहरांतला डेटा एकत्र करायचा असेल, तर टी१ ची वेळ (लहरींनी ढळलेलं चुंबकन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) प्रत्यक्ष मोजणारी एमपी२रेज ही स्कॅनची पद्धत माझ्या मते सरस. तिचं उत्तर सेकंदांत येतं. मात्र टी१ चुंबकाच्या ताकदीनुसार बदलतो: करड्या भागात ३ टेस्लाला साधारण १.३ सेकंद, ७ ला १.९ च्या आसपास. म्हणजे दोन ताकदींचे आकडे एका तक्त्यात टाकायची सोय नाही.

आता ७ टेस्ला. त्याचा खरा फायदा सिग्नल. व्हॉक्सेलची, म्हणजे चित्राच्या सर्वांत छोट्या ठोकळ्याची, बाजू १ मिमीवरून ०.५ वर आणली की त्याचं घनफळ आठपट कमी होतं, सिग्नलही तेवढाच घटतो. ही तूट जास्त ताकदीचं चुंबक बरीचशी भरून काढतं. जेन्नारीची रेघ ३ टेस्लावर दिसतच नाही असं नाही, २००२ मध्ये ती दाखवली गेली आहे. पण जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधक गटाने जन्मांध लोकांमध्ये ती असते का हा प्रश्न घेतला, तेव्हा ते ७ टेस्लाकडेच गेले. २०११ मध्ये उत्तर आलं: असते. डोळ्यांनी कधी काही न पाहताही. असा प्रश्न हाती असेल, म्हणजे सालीच्या कुठल्या खोलीवर काय आहे असा, तर वाद नको, ७ घ्या.

किंमत मात्र माहीत असू द्या. ७ टेस्लाला लहरींची वारंवारिता २९८ मेगाहर्ट्झच्या घरात जाते आणि मेंदूत त्यांची लांबी जेमतेम १३ सेंमी उरते, डोक्यापेक्षा कमी. मध्यभाग झळाळतो, टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानांकडच्या भागाचा) खालचा भाग अंधारतो. टी२ चित्राला लागणारे जोरकस पल्स ऊतींना तापवतात, म्हणून त्यांना आवर घालावा लागतो. परिणामी ३ टेस्लावरचा लाडका रेशो इथे अवघड होऊन बसतो, आणि एमपी२रेजलाही बी१ ची दुरुस्ती लागतेच. आर२-स्टारचे, म्हणजे सिग्नल किती वेगाने विझतो त्याचे, नकाशे इथे फार देखणे येतात. पण आर२-स्टारला लोहही तितकंच दिसतं, आणि कॉर्टेक्समध्ये लोह बरेचदा मायलिनच्याच थरात असतं. वयासोबत मेंदूतलं लोह वाढतं, म्हणून साठीच्या पुढचे लोक अभ्यासात असतील तर त्या देखणेपणाला भुलू नका.

माणसांचंही बघा. टेबल आत सरकताना अनेकांना गरगरतं, काहींच्या तोंडात धातूची चव येते. म्हणून ते हळू सरकवतात. शरीरात इम्प्लांट असलेले बरेच जण ३ टेस्लाला चालतात, ७ च्या दारातून परत जातात. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चित्रात एक आवंढा गिळला तरी रेघ फरकटते. लहान मुलं किंवा कंपवात असलेले रुग्ण घेणार असाल तर हालचाल टिपून दुरुस्त करायची सोय आहे का, हे चुंबकाची ताकद विचारण्याआधी विचारा.

मशीन कुठलंही असो, मेंदूच्या घड्यांचा घोळ सुटत नाही. कॉर्टेक्स वळणाच्या माथ्यावर जाड, खोबणीच्या तळाशी पातळ. थरांची जाडीही वळणासोबत बदलते, हे बॉक यांनी १९२९ मध्येच दाखवलं. सॉफ्टवेअरमध्ये सालीचे समान अंतराचे थर पाडले तर तुमचा नकाशा मायलिनऐवजी घड्याच दाखवेल. समान घनफळाचे थर पाडा.

माझ्या हाती बेताचा निधी असता तर मी ३ टेस्ला, ०.८ मिमी, एमपी२रेज आणि बी१ मॅप घेतला असता, आणि उरलेले पैसे जास्त माणसांवर घातले असते. त्याआधी एक मात्र केलं असतं: दोन-तीन मित्रांना आठवड्याच्या अंतराने दोनदा स्कॅन करायचं आणि एकाच माणसाच्या दोन नकाशांत किती तफावत येते ते बघायचं. अपेक्षित गटफरक त्या तफावतीपेक्षा लहान निघाला, तर निधीचा अर्ज भरण्याआधी प्रश्नच पुन्हा लिहायला घ्यायचा.