अनेक क्लस्टरांच्या क्यूबकॉन्फिग फायली: एकत्र ठेवाव्यात की वेगवेगळ्या?

कुबरनेटीस ही ॲप्लिकेशन अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली. तिचे क्लस्टर, म्हणजे अशा यंत्रांचे गट, दोनाचे सहा-सात झाले की त्यांच्याशी कसे जोडायचे हे सांगणाऱ्या क्यूबकॉन्फिग फायली कशा ठेवायच्या, हा निर्णय टाळता येत नाही. एक तर सगळ्या नोंदी एकाच फायलीत ठेवायच्या, नाहीतर प्रत्येक क्लस्टरची फाईल वेगळी ठेवून टर्मिनलनुसार निवडायची. पवईतल्या आमच्या चमूने दोन्ही पद्धती बराच काळ वापरल्या आहेत आणि माझा कौल दुसरीच्या बाजूने आहे.

एका फायलीची सोय नाकारता येणार नाही. होम फोल्डरमधील ठरलेली फाईल क्यूबसीटीएल हे क्लस्टरला कमांड देण्याचे साधन आपणहून वाचते, वेगळी मांडणी करावी लागत नाही. तिच्यात क्लस्टरचा पत्ता, वापरकर्त्याची ओळख आणि या दोहोंची जोडी म्हणजे कॉन्टेक्स्ट, अशा नोंदी असतात. शिवाय सध्याचा कॉन्टेक्स्ट कोणता, हे सांगणारी एक ओळ असते. अडचण या ओळीतच आहे, कारण ती टर्मिनलची नसून फायलीची असते. आमच्या एका सहकाऱ्याने टर्मिनलच्या एका खिडकीत प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक वापरतात त्या क्लस्टरचे, लॉग पाहण्यासाठी कॉन्टेक्स्ट बदलला आणि चहा घेऊन आल्यावर, सकाळपासून स्टेजिंगसाठी, म्हणजे चाचणीच्या क्लस्टरसाठी, उघडी असलेल्या दुसऱ्या खिडकीत डिप्लॉयमेंट (चालू ॲप्लिकेशनची नोंद) काढून टाकण्याची कमांड दिली. ती प्रॉडक्शनवर चालली. त्या खिडकीत कॉन्टेक्स्ट बदलल्याची कसलीही खूण नव्हती, म्हणून मी याला त्याचा निष्काळजीपणा मानत नाही. क्यूबसीटीएक्स या छोट्या साधनामुळे कॉन्टेक्स्ट बदलणे झटपट होते खरे, पण तेही हीच ओळ बदलते.

फायली वेगळ्या ठेवून क्यूबकॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (त्या टर्मिनलपुरत्या ठरवता येणाऱ्या मूल्यात) त्यांचे मार्ग लिनक्सवर व मॅकवर कोलनने, तर विंडोजवर अर्धविरामाने जोडता येतात. हा मधला मार्ग आकर्षक दिसतो, परंतु क्यूबएडीएम या क्लस्टर उभारण्याच्या साधनाने उभारलेले दोन क्लस्टर असतील तर फसवतो. दोन्हींच्या फायलींत क्लस्टरचे नाव ‘कुबरनेटीस’ आणि वापरकर्त्याचे नाव ‘कुबरनेटीस-ॲडमिन’ असेच येते, आणि नावे जुळली की यादीतील पहिल्या फायलीची नोंद कोणतीही सूचना न देता ग्राह्य धरली जाते. केवळ कॉन्टेक्स्टचे नाव बदलून भागत नाही. क्लस्टरचे व वापरकर्त्याचे नावही बदलावे लागते.

म्हणून प्रत्येक टर्मिनलमध्ये एकच फाईल निवडावी. फोल्डरनुसार व्हेरिएबल ठरवणारे डायरेन्व्ह वापरल्यास प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरताच व्हेरिएबल आपोआप बसते, तर क्यूबी हे कॉन्टेक्स्ट निवडण्याचे साधन प्रत्येक वेळी स्वतंत्र शेल उघडते, ज्यातील बदल इतर खिडक्यांपर्यंत पोहोचत नाहीत. या पद्धतीला शिस्त मात्र लागते, कारण व्हेरिएबल नसलेले नवे टर्मिनल पुन्हा ठरलेल्या फायलीकडेच वळते. त्या फायलीत लॅपटॉपवरील मिनिक्यूब या सरावाच्या छोट्या क्लस्टरखेरीज काहीही ठेवू नये. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधील ईकेएस (ॲमेझॉनची कुबरनेटीस सेवा) क्लस्टरची नोंद घेतानाही फायलीचा मार्ग स्पष्ट द्यावा, अन्यथा ती याच फायलीत मिसळू शकते. शिवाय खाते क्रमांकासह येणाऱ्या लांबलचक नावाऐवजी ‘मुंबई-प्रॉड’ असे टोपणनाव द्यावे.

सुरक्षिततेचा प्रश्न दोन्ही पद्धतींत उरतोच. फायलीतील सर्टिफिकेट व खासगी की बेस६४ या सहज उलगडता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात असते, आणि ते काही कूटलेखन नव्हे. लॅपटॉपची बॅग लोकलच्या रॅकवर राहिली, तर कुबरनेटीसमध्ये एकटे ते सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय नाही. म्हणून जिथे शक्य असेल तिथे दर वेळी अल्पकाळाचे टोकन आणणारा प्लगइन वापरावा आणि फायलींची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल वाचल्याशिवाय वापरू नये, कारण तिच्यातील प्लगइनची नोंद आपल्याच यंत्रावर हवी ती कमांड चालवू शकते.

चाचणीचे दोनच क्लस्टर असतील तर एक फाईल पुरेशी आहे. प्रॉडक्शनचा पहिला क्लस्टर आला की मात्र त्याच दिवशी त्याची फाईल वेगळी करावी. क्यूबएडीएमची क्लायंट सर्टिफिकेटे साधारणपणे १ वर्षाने संपतात. तेव्हा वेगळी फाईल असेल तर ती सरळ बदलता येते, एकत्रित फायलीत मात्र नेमकी नोंद शोधून हाताने बदलावी लागते.