मायलेज कमी झालंय? साताऱ्यात गोडोलीच्या या छोट्या गॅरेजला गाडी दाखवा

गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागलीय, पहिल्यासारखी पळत नाहीये असं वाटत असेल तर गोडोली तळ्याच्या बाजूला आतल्या गल्लीत जे छोटं गॅरेज आहे तिथं आधी दाखवा. दोनच गाड्या आत मावतात, बसायला धड जागा नाही, तरी मी म्हणेन जाच, कारण पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडीत अजून काहीतरी ओतायला न लावणारा मिस्त्री मला इथंच भेटला.

आमची छोटी पेट्रोल गाडी सतराच्या आसपास द्यायची, पावसाळा झाल्यावर ती चौदावर आली. आधी जिथं सर्व्हिसिंग करायचो त्यांनी इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश असं करत करत बिल चांगलंच लांबवलं आणि मायलेज मात्र होतं तिथंच. इथं मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी गाडीची मागची बाजू जॅकवर घेतली, हँडब्रेक सोडला आणि चाकं हाताने फिरवून बघितली. उजवं मस्त फिरत राहिलं, डावं अर्ध्या फेरीत घर्र करून थांबलं. मला म्हणाले, "ताई, हँडब्रेक तुम्ही सोडलाय पण ह्यानं सोडलाच नाही." ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी साचलेली, हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट अडकलेली, म्हणजे गाडी रोज थोडा ब्रेक लावूनच पळत होती आणि ते ओढायला पेट्रोल जात होतं! ड्रम साफ करून पॉलिश पेपर मारला, केबल बदलली, ब्रेक सेट करून दिला, आणि चाक परत फिरवून मला दाखवलं. आता मायलेज परत सोळा-सतरा येतंय. बजावून सांगितलं की पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, सपाट जागा बघून गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. आपल्याकडच्या पावसात हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ऑइलचं पण तसंच. गाडीचं मॅन्युअल मागून घेतलं, त्यात झिरो डब्ल्यू ट्वेंटी, म्हणजे पातळ ऑइलचा ग्रेड, लिहिलंय म्हणून तेच टाकलं. जाड ऑइल टाकलं की इंजिन गुळगुळीत चालतं असं बरेच जण सांगतात, पण पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनला जाड ऑइल ढकलायला जास्त जोर लागतो आणि तो जोर पेट्रोलमधूनच येतो. जुनं ऑइल गटारात न सोडता झाकणाच्या बॅरलमध्ये साठवतात आणि परवाना असलेल्या रिसायकलवाल्याला देतात, हे मी मुद्दाम विचारून घेतलं, मला याचं फार बरं वाटलं. एअर फिल्टर नुसता झटकून परत बसवला, बदलायची गरज नाही म्हणाले. टायरमध्ये नायट्रोजन भरू का विचारलं तर म्हणाले साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यापेक्षा महिन्यातून एकदा हवा चेक करा, महिन्याला एक-दोन पीएसआय अशीच उतरते. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघून भरायची, पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट एकच भरतो तसं नाही.

अजून एक, आमचे सासरे यवतेश्वरचा घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करायचे, मी सांगून थकले होते. मिस्त्रींनी त्यांना नीट समजावलं की "आण्णा, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल द्यायचंच बंद करतो, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच आणि शिवाय खाली समर्थ मंदिरापर्यंत सगळा भार ब्रेकवर." तेव्हापासून आण्णा तिसऱ्या नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी मी या गॅरेजला पैकीच्या पैकी देईन. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि कास पठाराला फुलांच्या दिवसात जी रांग लागते त्यात एसी लावून इंजिन चालू ठेवून बसलेल्या गाड्या बघितल्या की जीव तुटतो, निदान लांब थांबायचं असेल तर बंद करा की वो.

आता न आवडलेलं. सांगितलेल्या वेळेला गाडी मिळत नाही, संध्याकाळी म्हणाले की दुसऱ्या दिवशी दुपार धरा. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते त्यांनी सुधारायला पाहिजे, पार्टची वॉरंटी लागली तर बिल लागतंच. चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन नाही, त्याला बाहेर पाठवतात. पण बदललेला पार्ट हातात देतात आणि मजुरी आधी सांगतात.

सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर बरं, गर्दी नसते आणि घर जवळ असेल तर टायर थंड असतानाच हवा बरोबर चेक होते. गाडीचं मॅन्युअल सोबत न्या, ते मागतातच.