राजासॉरसच्या कवटीची प्रतिकृती: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जुलैत मी राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरच्या कवटीची फूटभर लांबीची रेझिनची प्रतिकृती विकत घेतली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. या प्राण्याची हाडे बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, बालासिनोरजवळच्या रैयोलीच्या शिवारात निघाली. तरी आमच्या मुलांना डायनासोर म्हटले की टायरॅनोसॉरसच आठवतो, हे मला खटकत असे. साडेचार हजार रुपये ही किंमत तेव्हा जास्त वाटली होती. आज ती निम्मी वसूल झाली असे म्हणेन, आणि हे ‘निम्मी’ मी मोजून म्हणते आहे.

वसूल झालेला अर्धा भाग म्हणजे कवटीची मागची बाजू. मज्जारज्जू बाहेर पडण्याचे भोक आणि त्याच्या खालचा, मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकणारा गोल उंचवटा येथे इतका नीट घडवला आहे की मुले त्यावरून आपोआप बोट फिरवतात. सस्तन प्राण्यांत असे दोन उंचवटे असतात आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत व पक्ष्यांत एकच, हे वाक्य मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. पण ते न घोकता मुलांच्या लक्षात राहिलेले मी यंदा प्रथमच पाहिले. डोळ्यांच्या वर मधोमध असलेले बुटके, बोथट शिंगही चांगले उतरले आहे. ते मुख्यतः नाकाच्या हाडांचे बनलेले आहे आणि ललाटास्थी, म्हणजे कपाळाचे हाड, त्याची फक्त मागची कड बनवते, हे सांधा पाहून दाखवता येते.

नात्यागोत्याचा धडा या एका शिंगावरून सुरू करता येतो. अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरसला दोन्ही डोळ्यांवर एकेक शिंग होते, तर मादागास्करच्या मजुंगासॉरसला कपाळावर एकच घुमटासारखा उंचवटा होता. हे तिघेही ॲबेलिसॉरिड कुळातले: आखूड आणि उंच तोंड, हाडांचा खडबडीत पृष्ठभाग, आणि जिथे हात सापडले आहेत तिथे ते अगदीच नाममात्र. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले, आणि राजासॉरस वावरला तो त्यानंतर कितीतरी काळाने, क्रिटेशियस या डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस. तरीही मजुंगासॉरसशी त्याचे साम्य टिकून आहे. टायरॅनोसॉरस मात्र या घराण्यातला नव्हे. वंशावळीच्या हिशेबाने त्याला राजासॉरसपेक्षा आमच्या गॅलरीतली चिमणी जवळची आहे. हे ऐकून एका मुलाने सरळ ‘मॅडम, हे काही पटत नाही’ असे सांगितले, आणि तो तास वंशवृक्षाच्या फांद्या काढण्यातच संपला.

आता न वसूल झालेला अर्धा भाग. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींनी १९८२ ते १९८४ या काळात गोळा केलेल्या सांगाड्यात कवटीपैकी प्रामुख्याने मेंदूभोवतीचा भाग होता; बाकी मणके, कटीची हाडे, मागचे पाय आणि शेपटी. त्यावरून २००३ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी या प्राण्याचे नामकरण केले. म्हणजे माझ्या टेबलावरच्या कवटीचा पुढचा चेहरा आणि खालचा जबडा हा नातलगांवरून बेतलेला अंदाज आहे. अंदाज बांधण्यात गैर काही नाही; तो हाडाच्याच तपकिरी रंगात रंगवून, सोबतच्या पत्रकात त्याबद्दल चकार शब्द न काढता विकणे मला गैर वाटते. शेवटी मीच दिवाळीच्या सुट्टीत बेतलेल्या भागावर करड्या पोस्टर कलरचा पातळ हात दिला. बुरशी लागल्यासारखी दिसते, असे आमच्या घरचे मत आहे. खोक्यावर लांबी ११ मीटर छापली आहे. २०१६ च्या अभ्यासात ती सुमारे ६.६ मीटरवर आली, हेही मला पेनाने दुरुस्त करावे लागले.

टिकाऊपणा बेताचाच आहे. तिसऱ्या महिन्यात वरच्या जबड्याचे दोन दात निखळले, आणि तक्रारीला तीन आठवड्यांनी उत्तर आले की तुटफूट हमीत बसत नाही. एक दात मी चिकटवला. दुसऱ्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवली, कारण मजुंगासॉरस दर दोन महिन्यांच्या आसपास एकेका खाचेतला दात बदलत असे, हे सांगायला ती खाच उपयोगी पडते. जबड्याची बिजागरीची तार सैल झाली असून आता खालचा जबडा मी वेगळाच ठेवते. आकार, वजन आणि उचलून हाती देण्याची सोय याबाबत तक्रार नाही. वर्गात फिरवताना ती सहज हातोहात जाते.

शोकेसमध्ये ठेवायला हवी असेल तर याच किमतीत अधिक देखण्या वस्तू मिळतील. शिकवण्यासाठी घेणार असाल तर जरूर घ्या, मात्र करड्या रंगाची एक बाटलीही सोबत आणा आणि मुलांच्या हाती देताना मागची बाजू वर ठेवा.